दागिन्यांचे क्लोज-अप फोटो: आधी मोजमाप, मग लेन्स, शेवटी कॅमेरा

घरून किंवा छोट्या दुकानातून दागिने ऑनलाइन विकणाऱ्या अनेकांची खरेदी एकाच क्रमाने होते. आधी कॅमेरा येतो, त्याच्यासोबत १८-५५ ची किट लेन्स येते, आणि फोटो मनासारखे येत नाहीत म्हटल्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून ५० मिमी एफ/१.८ घेतली जाते. मग नथीचा फोटो काढायला बसलं की लेन्स जवळ नेल्यावर फोकसच धरत नाही, मागे नेली तर नथ फ्रेमच्या मधोमध चिमुकली दिसते. तोवर बजेट संपलेलं असतं.

५० मिमीची लेन्स वाईट नाही, ती या कामासाठी बनलेलीच नाही. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ३५ सेंमीपेक्षा जवळ फोकस करत नाही. त्या अंतरावर क्रॉप सेन्सरच्या (फोटो टिपणारी चिप आकाराने लहान असलेल्या) कॅमेऱ्यात सुमारे १०६ × ७१ मिमीचा भाग दिसतो. निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८जी मध्ये हा भाग आणखी मोठा, सुमारे १५७ × १०४ मिमी. त्यात पंधरा मिमीची कुडी किती दिसेल, हा हिशेब खरेदीच्या आधी दोन मिनिटांत करता येतो. तो करायची सवय लागावी म्हणून हा लेख आहे. उदाहरणं दागिन्यांची असली तरी घड्याळं, नाणी, पितळी मूर्ती, भरतकाम यांनाही हेच गणित लागू पडतं.

लागणारं साहित्य: स्टीलची पट्टी किंवा व्हर्निअर कॅलिपर, एक मिलिमीटरच्या रेघांचा आलेख कागद, आणि तुमच्या मालातले सगळ्यात लहान, सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात मोठे असे तीन दागिने.

## टप्पा १: दागिने मोजा आणि फोटो कुठे जाणार ते लिहून काढा

प्रत्येक प्रकारच्या दागिन्याची लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. जाडी हमखास विसरली जाते, पण फोटो पूर्ण स्पष्ट येणार की अर्धा धूसर, हे जाडीवरच ठरतं. सपाट ठेवलेल्या ठुशीची जाडी सात-आठ मिमी भरेल. उभी ठेवलेली अंगठी मात्र समोरून मागे वीस मिमीची खोली घेते. फुगीर झुमका त्याहून जास्त.

कुड्या, कानातले, जोडवी यांची जोडी एकत्र मोजा. एक कुडी १५ मिमी असली तरी विक्रीच्या फोटोत दोन्ही शेजारी येणार, म्हणजे मधल्या जागेसह सुमारे ४० मिमी. हिशेब या ४० चा करायचा.

आता फोटो कुठे वापरणार ते लिहा. व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम असेल तर १०८० पिक्सेल रुंदी पुरते. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी लागते, वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, आणि ग्राहकाला झूम करता यावं यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. १६०० किंवा जास्त ठेवली तर चांगलं. छापील कॅटलॉग किंवा होर्डिंग करणार असाल तर गरज वेगळी. पण ‘पुढे कधीतरी होर्डिंग करू’ म्हणून आज दुप्पट पैसे घालू नका.

थांबा, तपासा: कागदावर प्रत्येक दागिन्यापुढे तीन मापं आणि एक पिक्सेलचा आकडा आहे का? नसेल तर पुढचा टप्पा अंदाजपंचे होईल.

## टप्पा २: किती मॅग्निफिकेशन लागेल ते काढा

मॅग्निफिकेशन म्हणजे वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट आहे, ते. १:१ म्हणजे २० मिमीची अंगठी सेन्सरवरही २० मिमीचीच. ०.५ म्हणजे सेन्सरवर १० मिमी.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. निकॉन आणि सोनीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६, कॅननचा २२.३ × १४.९.

ऑनलाइन दुकानातले बहुतेक फोटो चौरस असतात, त्यामुळे सेन्सरची छोटी बाजू धरा. हिशेब असा:

१. दागिन्याच्या मोठ्या मापाला ०.८५ ने भागा. ही झाली चौरस फ्रेमची बाजू.
२. सेन्सरच्या छोट्या बाजूला त्या आकड्याने भागा. हे झालं मॅग्निफिकेशन.

नथ ४० मिमीची असेल तर फ्रेम ४७ मिमी. क्रॉप सेन्सरवर १५.६ ÷ ४७ म्हणजे ०.३३, फुल फ्रेमवर २४ ÷ ४७ म्हणजे ०.५१. अंगठी २२ मिमीची असेल तर फ्रेम २६ मिमी, म्हणजे क्रॉपवर ०.६ आणि फुल फ्रेमवर ०.९२. ठुशीच्या फक्त १२ मिमी भागाचा तपशील हवा असेल तर फ्रेम १४ मिमी आणि क्रॉपवर मॅग्निफिकेशन १.१. उलट २०० मिमीच्या मोहनमाळेला ०.०७ पुरतं, तिथे कुठलीही लेन्स चालते.

या आकड्यांतून दोन गोष्टी लगेच दिसतात. लहान वस्तूंच्या कामात फुल फ्रेम कॅमेरा लेन्सकडून जास्त मॅग्निफिकेशन मागतो, म्हणजे महाग कॅमेऱ्यामुळे लेन्सचं काम सोपं होत नाही, उलट अवघड होतं. आणि मोठ्या हारांसाठी मॅक्रो लेन्स (खूप जवळून फोकस करणारी, बहुधा १:१ पर्यंत जाणारी लेन्स) लागतच नाही.

आता पिक्सेलचा आकडा मध्ये आणा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० चा, म्हणजे चौरस कापला तर ४००० × ४०००. तुम्हाला १६०० हवेत. याचा अर्थ अडीच पट क्रॉप केला, म्हणजे कडा कापून मधला भाग ठेवला, तरी भागतं. अंगठीला ०.६ लागत होतं, पण ०.३ वर काढून अर्धा क्रॉप केला तरी २००० × २००० चा फोटो हातात राहतो.

इशारा: लेन्सवर ‘मॅक्रो’ लिहिलंय म्हणून ती १:१ असेल असं नाही. झूम लेन्सवरचा ‘मॅक्रो’ १:४ ही असू शकतो. कंपनीच्या माहितीपत्रात ‘मॅक्झिमम मॅग्निफिकेशन’ हा आकडा शोधा. मायक्रो फोर थर्ड्सच्या (आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सवर कधी कधी ‘३५ मिमीच्या तुलनेत २ पट’ असंही लिहिलेलं असतं. तो सेन्सरवरचा खरा आकडा नाही, या हिशेबात वापरू नका.

## टप्पा ३: घरात आहे त्याची परीक्षा घ्या

नवीन काही घेण्याआधी घरातला कॅमेरा किंवा फोन आलेख कागदासमोर धरा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, सगळ्यात जवळच्या फोकसवर न्या, झूम असेल तर लांब टोकाला (५५ मिमीला), आणि कॅमेरा पुढे-मागे करून रेघा स्पष्ट दिसतील तिथे फोटो घ्या. फोटोत आडव्या दिशेने किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागलं की लेन्सचं खरं मॅग्निफिकेशन मिळतं. ७० मिमी दिसत असतील तर २३.५ ÷ ७० म्हणजे ०.३४.

किट लेन्स साधारण ०.२५ ते ०.३८ पर्यंत जातात. म्हणजे झुमके, नथ, कानातल्यांच्या जोड्या, बांगड्या हे सगळं त्यांत बसतं. माल प्रामुख्याने ४० मिमीच्या वरचा आणि विक्री फक्त ऑनलाइन, असं असेल तर मॅक्रो लेन्स आत्ता घेऊ नका, असंच मी सांगेन. ते पैसे ट्रायपॉड आणि लाइटवर घाला, फोटोंमध्ये जास्त फरक पडेल.

फोनबद्दल थोडक्यात. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो’ कॅमेरा या कामाला निरुपयोगी आहे. महागड्या फोनमध्ये मॅक्रोसाठी बहुधा अल्ट्रावाइड कॅमेरा वापरला जातो. तो दोन-तीन सेंमीवर जातो, पण फोनचीच सावली दागिन्यावर पडते आणि अंगठीचा पुढचा भाग फुगून मागचा आवळलेला दिसतो. फोनच वापरायचा असेल तर मागे सरका, मुख्य किंवा टेलिफोटो कॅमेरा वापरा आणि नंतर क्रॉप करा.

थांबा, तपासा: यादीतले कोणते दागिने सध्याच्या लेन्समध्ये बसतात आणि कोणते नाही, यावर खूण करा. सगळे बसत असतील तर थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा ४: लेन्स निवडा, आणि ती अंतरावरून निवडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

खऱ्या मॅक्रो लेन्स ३० मिमीपासून १०५ मिमी आणि त्यापुढेही मिळतात, आणि बहुतेक १:१ पर्यंत जातात. मग ‘सगळ्याच १:१, स्वस्तातली घेऊ’ असा विचार होतो. फरक मॅग्निफिकेशनमध्ये नसतोच. लेन्सचं पुढचं टोक आणि दागिना यांच्यामध्ये किती जागा उरते, यात असतो.

माहितीपत्रातलं ‘मिनिमम फोकस डिस्टन्स’ हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं (कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथून). त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केल्यावर जे उरतं, ते तुमचं कामाचं अंतर. १:१ वर ते साधारण असं पडतं:

- सोनी ३० मिमी एफ/३.५: अडीच सेंमीच्या आत
- निकॉन डीएक्स ४० मिमी एफ/२.८: पाच सेंमीच्या आत
- कॅनन ईएफ-एस ६० मिमी एफ/२.८: ९ सेंमी
- कॅनन ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल आणि सोनी एफई ९० मिमी: १३ सेंमी
- निकॉन डीएक्स ८५ मिमी एफ/३.५: १४ सेंमी
- निकॉन १०५ मिमी एफ/२.८जी: १५ सेंमी

अडीच सेंमीवर लेन्स आली की लाइट आत शिरायला वाटच राहत नाही. समोरून प्रकाश द्यावा तर लेन्सची सावली, बाजूने द्यावा तर अर्धी अंगठी काळी.

पण खरी अडचण मोत्यांची. बसऱ्याच्या नथीतला एक मोती जवळून पाहा. त्यात समोरची अख्खी खोली गोल होऊन उमटलेली असते: खिडकी, लाइटची पेटी, आणि बरोबर मधोमध लेन्सचा काळा गोळा. लेन्स पाच सेंमीवर असेल तर तो काळा गोळा मोत्याचा मोठा भाग खातो आणि मोती डोळ्याच्या बुबुळासारखा दिसायला लागतो. लेन्स वीस-पंचवीस सेंमीवर गेली की गोळा ठिपक्याएवढा होतो, एडिटिंगमध्ये सहज काढता येतो. मंगळसूत्राच्या पॉलिश केलेल्या वाट्या, हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे घुंगरू, गुळगुळीत पाटल्या, सगळीकडे हेच होतं. घाटदार, गोल आणि चकचकीत माल असेल तर फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) जास्त हवी.

लांबून काढल्याने आकारही खरा दिसतो. जवळून काढलेल्या अंगठीचा खडा प्रत्यक्षापेक्षा मोठा भासतो. ग्राहक हातात घेऊन म्हणतो, ‘फोटोत मोठा वाटला होता’, आणि माल परत येतो.

म्हणून माझी शिफारस: क्रॉप सेन्सरसाठी ६० ते १०५ मिमी, फुल फ्रेमसाठी ९० ते १०५ मिमी. टॅमरॉन ९० मिमी, सिग्मा १०५ मिमी, टोकिना १०० मिमी हे पर्याय कंपनीच्या लेन्सपेक्षा सहसा स्वस्त पडतात आणि चांगले आहेत. ३० ते ४० मिमीची मॅक्रो फक्त एका कामासाठी घ्या: सपाट वस्तू वरून काढायच्या असतील आणि टेबलाच्या वर कॅमेरा उंच न्यायला जागाच नसेल. नाणी, भरतकाम, पोस्टाची तिकिटं अशा कामात ती छान चालते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. १०० मिमी क्रॉप सेन्सरवर लावली आणि २५० मिमीचा हार अख्खा काढायचा असेल, तर कॅमेरा मीटरभराहून बराच मागे न्यावा लागतो. वरून काढायचं असेल तर तेवढी उंची लागते. खोली लहान असेल तर हारांसाठी किट लेन्स आणि लहान दागिन्यांसाठी मॅक्रो, अशी वाटणी करा.

इशारा: मॅक्रोसाठी एफ/२.८ की एफ/२ (लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं; आकडा लहान तर भोक मोठं) यावर पैसे वाढवू नका. दागिन्यांचे फोटो एफ/८ ते एफ/१६ मध्येच काढले जातात. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनसाठीही (हात हलला तरी फोटो सावरणाऱ्या सोयीसाठी) नको. १:१ वर त्याचा उपयोग खूप कमी होतो, आणि आपण ट्रायपॉडवरच काम करणार आहोत.

## टप्पा ५: मॅक्रोऐवजी स्वस्त मार्ग निवडत असाल तर

एक्स्टेन्शन ट्यूब. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंथने भागलं की किती मॅग्निफिकेशन वाढेल ते कळतं. ५० मिमीला २५ मिमीची ट्यूब लावली तर ०.५ ची भर पडते. जुन्या ५० मिमीचा सदुपयोग इथे होतो. ट्यूब विद्युत संपर्क असलेलीच घ्या. पितळी टिकल्या नसलेल्या स्वस्त ट्यूबमधून नव्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. ते सहसा पूर्ण उघडं राहतं आणि केसाएवढा भाग स्पष्ट दिसतो. आणि ५० मिमीवर ट्यूब लावली की कामाचं अंतर पुन्हा आखूड होतं, टप्पा ४ मधला मोत्याचा त्रास परत येतो.

क्लोज-अप लेन्स. लेन्सच्या पुढे फिल्टरसारखी बसते. +१, +२, +४, +१० अशा एकाच काचेच्या स्वस्त संचांनी कडांना जांभळी-हिरवी झाक येते. सोन्याच्या कडेवर ती लगेच उठून दिसते. दोन काचा जोडलेली ‘अ‍ॅक्रोमॅट’ घ्या. घरात ५५-२५० किंवा ७०-३०० अशी झूम पडून असेल तर हा मार्ग फारच चांगला. +२ ची अ‍ॅक्रोमॅट २५० मिमीला लावून फोकस अनंतावर ठेवला की ०.५ मॅग्निफिकेशन मिळतं, आणि दागिना लेन्सपासून अर्ध्या मीटरवर असतो. या पैशांत इतकं मोकळं अंतर दुसऱ्या कशातही मिळत नाही. विकत घेताना लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास (५२, ५८, ६७ मिमी वगैरे) पाहून घ्या.

## टप्पा ६: आता कॅमेऱ्याची बॉडी

लेन्स ठरली की कंपनी आणि माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) आपोआप ठरतं, निवड सोपी होते. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर या कामाला पुरेसा आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांतल्या साध्या बॉडीतही तो मिळतो. पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

१. फिरणारा स्क्रीन. वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचं तोंड खाली असतं. स्क्रीन फिरत नसेल तर दर फोटोला स्टुलावर चढावं लागतं. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० चे स्क्रीन फिरत नाहीत.

२. लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या दृश्यात) प्रतिमा मोठी करून फोकस करता येणं. हे बहुतेक कॅमेऱ्यांत असतं, पण दुकानात करून पाहा.

३. फ्लॅशचा बूट, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश बसतो ती खाच. पुढे फ्लॅश वापरायचा विचार असेल तर हे फार महत्त्वाचं. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या बुटात मधली पिनच नाही. फक्त त्या पिनवर चालणारे साधे ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारं उपकरण) त्यांच्यावर चालत नाहीत. हे बरेच जण ट्रिगर विकत घेतल्यावर शोधून काढतात.

४. फोकस ब्रॅकेटिंग. कॅमेरा स्वतः फोकस थोडा थोडा पुढे सरकवत ओळीने फोटो घेतो, ते नंतर हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये जोडता येतात. कॅनन आर१०, आरपी, निकॉन झेड५, झेड६ यांत ही सोय आहे. रोज उभ्या अंगठ्या काढणाऱ्यांनी यासाठी थोडे जास्त पैसे जरूर द्यावेत. इतरांना नसली तरी चालते.

५. विजेवर चालण्याची सोय. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, विजेला जोडलेली) मिळते का ते पाहा.

वेगवान ऑटोफोकस, सेकंदाला वीस फोटो, अंधारात चालणारा आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते), ४के व्हिडिओ यांसाठी ज्यादा पैसे देऊ नका. टेबलावरची नथ पळून जात नाही.

माउंटच्या जोडणीत होणाऱ्या चुका: निकॉनच्या जुन्या एएफ-डी मायक्रो लेन्स डी३५००, डी५६०० वर ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्या बॉडीत मोटर नाही. झेड मालिकेवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावूनही तेच. पण ट्रायपॉडवर मॅन्युअल फोकसच करायचा असतो, म्हणून स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आर मालिकेवर कॅननच्या अ‍ॅडॅप्टरसह ऑटोफोकससकट चालतात, म्हणून जुनी ईएफ १०० मिमी मॅक्रो आजही उत्तम सौदा आहे. ईएफ-एस लेन्स मात्र कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही.

## टप्पा ७: ट्रायपॉड आणि लाइटचे पैसे आधीच बाजूला काढा

हे लेन्सनंतर ‘उरलेल्या पैशांत’ घेऊ नका. ट्रायपॉड असा हवा की कॅमेरा आणि लेन्सच्या वजनाने डोकं घट्ट केल्यावरही खाली झुकत नाही. मधला दांडा आडवा होणारा मिळाला तर वरून काढायला फार सोयीचा. लाइट दोन, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर. फोटो काढताना खोलीतली ट्यूब आणि खिडकी बंद. दोन प्रकारचा प्रकाश मिसळला की सोन्याचा एक भाग पिवळा आणि दुसरा हिरवट येतो, आणि ते एडिटिंगमध्ये नीट सुटत नाही.

## टप्पा ८: दुकानात आणि सेकंडहँड घेताना

मॅक्रो लेन्स सेकंडहँड घेणं शहाणपणाचं आहे. मुंबईत फोर्ट भागात, इतर मोठ्या शहरांत जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत त्या मिळतात. जाताना आलेख कागद, आपलं मेमरी कार्ड आणि एक दागिना न्या. शक्य असेल तर आधी तीच लेन्स एक दिवस भाड्याने घेऊन घरच्या टेबलावर वापरून पाहा.

१. बुरशी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात न जपलेल्या लेन्समध्ये ती हमखास असते. दोन्ही टोकांची झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती लेन्स ठेवून या, किंमत कितीही कमी केली तरी. चार-दोन धुळीचे कण चालतात.
२. अ‍ॅपर्चरची पाती. एफ/१६ वर फोटो घेताना पुढून पाहा. पाती झटकन मिटली आणि उघडली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चकाकी नको.
३. फोकस रिंग. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा. मध्ये अडकणं किंवा खरखर नको.
४. लेन्स खाली सरकते का? लेन्स उभी, तोंड खाली धरा. काही जुन्या मॅक्रो लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने खाली घसरते आणि वरून फोटो काढताना फोकस हलत राहतो.
५. आलेख कागदाचा फोटो. कागद सपाट, कॅमेरा त्याला समांतर. मध्य आणि चारही कोपरे सारखे स्पष्ट हवेत. एकच कोपरा धूसर असेल तर आधी कॅमेरा समांतर आहे का तपासा. पुन्हा तोच कोपरा आला तर आतली काच सरकलेली आहे.

इशारा: बिल आणि परत करण्याची मुदत लेखी घ्या. पुढचा टप्पा त्या मुदतीत उरकायचा आहे.

## टप्पा ९: घरी आणल्यावर पहिली चाचणी

नवीन लेन्सचे पहिले फोटो धूसर आले म्हणून दोष लेन्सला दिला जातो. बहुतेक वेळा कारण क्रमात असतं. क्रम असा ठेवा:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली).
२. दागिना जागेवर ठेवा आणि लाइट लावा. सिलिकॉन ब्लोअरने धूळ उडवा, कापडाने पुसू नका. क्लोज-अपमध्ये एक धागासुद्धा दोरीसारखा दिसतो.
३. ग्रे कार्डवरून (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, घ्या. ऑटोवर २२ कॅरेटचं सोनं एका फोटोत लालसर, दुसऱ्यात फिकट येतं.
४. दागिन्याचा मुख्य भाग सेन्सरला जितका समांतर करता येईल तितका करा. ठुशी, तन्मणी, साज वरून काढा. डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत स्पष्ट दिसणारी खोली) वाढवायचा हा फुकटचा मार्ग आहे, आणि कुठल्याही महाग लेन्सपेक्षा जास्त उपयोगी.
५. लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा दहापट मोठी करून हाताने फोकस करा. नथीत मधल्या खड्यावर, अंगठीत खड्याच्या वरच्या कडेवर.
६. दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो घ्या. बटण दाबताना कॅमेरा हलतो, १:१ वर तो हलकासा धक्काही दिसतो.

आता फ्रेम न हलवता एफ/५.६, ८, ११, १६ आणि २२ असे पाच फोटो घ्या, शटर स्पीड बदलून उजेड सारखा ठेवा. पाचही फोटो १६०० पिक्सेलला लहान करून शेजारी शेजारी पाहा. क्रॉप सेन्सरवर ०.६ मॅग्निफिकेशनला एफ/११ वर स्पष्ट भाग जेमतेम दोन मिमी जाडीचा असतो. एफ/२२ वर तो वाढतो, पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) रवाकामाचे बारीक दाणे एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. जवळच्या कामात हा त्रास लवकर सुरू होतो, कारण १:१ वर एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं. तुमच्या मालासाठी ज्या आकड्यावर दोन्ही सांभाळलं जाईल, तो लिहून भिंतीवर चिकटवा. बहुतेकांचा आकडा एफ/११ किंवा एफ/१६ निघतो.

एवढं करूनही अंगठीचा मागचा भाग धूसर राहिला तर अ‍ॅपर्चर आणखी मिटवू नका. या क्रमाने जा: आधी कोन बदला, मग कॅमेरा थोडा मागे घेऊन नंतर क्रॉप करा. तरीही कमी पडलं तर फोकस हाताने किंचित पुढे सरकवत पंधरा-वीस फोटो घेऊन जोडा. दोन सलग फोटोंतले स्पष्ट भाग एकमेकांवर थोडे चढायला हवेत, नाहीतर जोडलेल्या फोटोत धूसर पट्टे राहतात.

आणि पाचही फोटोंत सगळंच धूसर असेल, तर टायमर, ट्रायपॉडचं डोकं आणि टेबल हलत नाही ना ते पाहून तोच प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर लेन्स मुदतीत परत करा.